वर किती पोचलं?

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहायचो, तेव्हा माझ्या हौशी रेडिओचा अँटेना खिडकीच्या गजालाच बांधलेला असायचा. केबल लागायची जेमतेम दोन हात. पुनर्विकासात अठराव्या मजल्यावर घर मिळालं आणि अँटेना गेला गच्चीवर. आता तीस मीटर केबल हवी होती. मी आधीच्याच जातीची, पेन्सिलीहून बारीक केबल आणून सोडली.

तेव्हापासून पेणच्या मास्तरांना, माझ्या रोजच्या रेडिओमित्राला, माझं बोलणं अर्धंच कळू लागलं. मी दोष दिला मधल्या टॉवरना. केबलला देणं शक्यच नव्हतं, कारण सेटमागचा मीटर परतीची, म्हणजे अँटेनाने न घेता माघारी येणारी पॉवर जवळजवळ शून्य दाखवत होता.

सोळाव्या मजल्यावर पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. लिफ्टमध्ये विषय निघाला. मीटर कुठे लावलाय, एवढंच त्यांनी विचारलं. सेटजवळ, म्हटलं.

"मग वर किती पोचतं ते तुला कसं कळतं?"

रविवारी सकाळी काका मीटर घेऊन गच्चीवर गेले. त्यांनी तो अँटेनाच्या तोंडाशी जोडला. मी खाली पंचवीस वॅट सोडले. फोनवर काका शांतपणे म्हणाले, "सात आलेत."

बारीक केबल वर जाणारी पॉवर खात होती आणि परत येणारीही खात होती. म्हणून माझा मीटर एवढा स्वच्छ दिसत होता. मला लाज वाटली. मग हुरूप आला.

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार म्हणाला, सब एक ही है मॅडम, पतली ले जाओ, मुडती अच्छी है. मी टोक सोलून बघायला मागितलं. जिची तांब्याची जाळी घट्ट विणलेली होती तीच बोटभर जाडीची केबल घेतली. कनेक्टर एन टाइपचे घेतले. त्यांच्यात रबराची रिंग असते, पाणी आत जात नाही. घरी सोल्डरिंगचे डाग स्वतः दिले, मल्टिमीटरने तपासलं, गच्चीवरचा जोड टेपने गुंडाळला. काकांनी वरून आकडा सांगितला, सतरा.

संध्याकाळी मास्तर पेणहून म्हणाले, "ताई, तुमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करा."

काका शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. निघताना त्यांनी हौशी रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो ते विचारलं.

"नोकरीत सगळे निरोप साहेबांचेच दिले," ते म्हणाले. "आता जरा आपलं बोलावं म्हणतो."