कोणीच अडकलं नव्हतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — ते नका विचारू.

अंधेरीला आमचं ऑफिस. आम्ही ॲप स्टोअर चालवतो. लोक ॲप इन्स्टॉल करतात ते पान कसं दिसावं, हे नऊ वर्षं मी ठरवत होते. मग सायली आली. नाहूरची, बडबडी, माझ्याहून बरीच लहान. नव्या पानाचे दोन आराखडे झाले — एक माझा, एक तिचा. तिच्या पानावर काय होतं? ॲपचं नाव, ते काय करतं याची एक ओळ, फोनमध्ये किती जागा खाईल, आणि एक मोठं बटण. बस्स. ते पाहिलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. इतकं सोपं — मला का नाही सुचलं?

आमच्याकडे पद्धत अशी, की पान आधी बाहेरच्या पाच जणांच्या हातात द्यायचं आणि ते कुठे अडकतात ते टिपायचं. दोन्ही पानांचं हे काम माझ्याकडेच आलं, विश्वास होता ना सगळ्यांचा! मुलुंडला आईकडे हळदीकुंकू होतं, तिथल्याच पाच जणींना गाठलं. माझ्या पानावर तिघी अडकल्या. सायलीच्या पानावर — कोणीच नाही. साधा फोटो पाठवायचा म्हटलं तरी मला फोन करणाऱ्या जोशीकाकूंनी हातातलं वाण बाजूला ठेवलं, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "झालं पण? एवढंच होतं होय गं?"

मी जळले. दुसरा शब्द कशाला शोधू? अहवाल लिहिताना त्या तिघींना मी माझ्या पानावरून उचललं आणि सायलीच्या पानावर नेऊन बसवलं. माझं पान ठरलं.

ती भांडली असती तर? पण ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "बरं झालं यार, तू नीट बघितलंस. नेमक्या कुठे अडकल्या गं त्या?"

"बटणापाशी," म्हटलं. तिनं ते लिहून घेतलं.

आठवडाभर ती ते बटण बदलत राहिली. रंग, आकार, जागा — दर वेळी मला दाखवायला यायची, आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. शेवटी, "मला नाही जमत हे," म्हणून तिनं स्वतःच दुसरं काम मागून घेतलं.

आता ती ग्राहकांचे फोन घेते. इन्स्टॉल करताना अडकलेल्यांचे — माझ्या पानावर. न चिडता एकेकाला सांगते, "काका, खाली बघा, अजून खाली, छोटं बटण आहे ना, तेच." मी दोन टेबलं सोडून बसते. सगळं ऐकू येतं.