टाचेवरचं वळण

मी सरकारी कार्यालयात कागद तपासायच्या टेबलावर आहे. शिक्का खरा की खोटा, सही आधीची की मागून केलेली, हे बघण्यात वीस वर्षं गेली. त्यामुळे अकोल्यात आमच्या कॉलनीतल्या विहारामागच्या शेडमध्ये एक साठीचे गृहस्थ बायकांना विंग चुन नावाची चिनी युद्धकला शिकवतात असं कळलं, तेव्हा मी नाव घातलं ते थोडं आखडलेल्या कमरेसाठी आणि बरंचसं त्या माणसावर नजर ठेवायला.

इथल्याच पातूरकडच्या माणसाला ही विद्या आली कुठून? विचारलं तर म्हणाले, "तरुणपणी कलकत्त्याले चामड्याच्या कारखान्यात होतो. मालक चिनी. त्याच्या भावानं शिकवलं." फोटो नाही, प्रमाणपत्र नाही.

दोन महिने त्यांनी आमच्याकडून एकच गोष्ट करून घेतली. पाय खांद्याइतके फाकवून गुडघे किंचित वाकवायचे, आत दाबायचे. समोरून कोणी ढकललं की पाय न उचलता टाचांवर फिरून कंबर, खांदे, गुडघे एकदम बाजूला वळवायचे आणि वजन मागच्या पायावर घ्यायचं. ढकलणाऱ्याचा हात शेजारून निघून जातो. आम्ही सगळ्या दारात चपला काढून अनवाणी उभ्या राहायचो. ते मात्र कापडी बूट कधीच काढत नसत. ते माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं.

एका रविवारी मोबाइलवर याच वळणाचे पाच व्हिडिओ पाहिले. चारांत माणसं चवड्यांवर वळत होती, एकात टाचांवर. तो एक मी सोयीस्करपणे सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या गेल्यावर मी थांबले. "सर, बूट काढून वळून दाखवता का?"

"काहून?"

"बाकी सगळे चवड्यांवर वळतात. तुम्ही आम्हाला टाचांवर काहून शिकवता?"

ते बाकावर बसले आणि उजव्या पायाचा बूट, मोजा काढला. पायाला बोटं नव्हती. चवडाही नव्हता, नुसती ताणलेली चकचकीत कातडी.

"कारखान्यात कातडं घोळायच्या ड्रमखाली आला. शिकलो त्याच्यानंतर. चवडाच नाही तं त्याच्यावर वळू कसा?"

मला शरम वाटली, पण जीभ थांबली नाही. "मग तुमचे गुरू बाकीच्यांना कसं शिकवायचे?"

"बाकीचे कोणी नव्हतेच, ताई. मी एकटाच होतो. मले वाटलं, हे असंच असते."

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी चवड्यांवरच्या वळणाचा एक व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्यानं माह्यासाठी बदलवून देल्लं होतं. आन मले सांगितलंबी नाही." डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, की काचा पुसायला, मला कळलं नाही.

पुढच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "याच्या दोन तऱ्हा आहेत. दुसरी मले येत नाही, ह्या ताई दाखवतील." मला समोर उभं केलं. चवड्यांवर वळताना माझे तळवे घासून भाजले आणि तोल गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मले टाचच बरी. माहा गुडघा दुखत नाही तिच्यानं." दोघी जणी मात्र दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. सरालेच येत नाही तं शिकवतील काय, असं त्या कॉलनीभर सांगत होत्या. ते ऐकून मला राग आला. खरं तर ही शंका सगळ्यांत आधी माझीच होती.

मी जाते अजून. कारखाना कलकत्त्यात नेमका कुठे होता, त्या भावाचं नाव काय, हे दोनदा विचारून झालंय. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. परवा तिसऱ्यांदा विचारलं.

"वजन मागच्या पायावर ठेवा, ताई," म्हणाले आणि खांद्यावर ढकललं.

मी वळले, पण जरा उशिरा.