आक्का नक्की कुणाची वकील?

माझ्या आक्काला कोर्टात कुणी चुकीचं बोललेलं सहन होत नाही. मग तो विरुद्ध बाजूचा वकील का असेना.

आक्का सकाळी सांगलीच्या कॉलेजात कायदा शिकवते आणि दुपारी काळा कोट चढवून कोर्टात उभी राहते. वीस वर्षं हे चाललंय. जिल्ह्यातले निम्मे वकील तिचे विद्यार्थी. ती वकिलांच्या खोलीत शिरली की टक्कल पडलेले वकीलसुद्धा चहाचा कप खाली ठेवून उभे राहतात! मला तिचा कोण अभिमान! त्यामुळे शेजारच्या आप्पांनी आमच्या उसाकडे जाणारी वाट नांगरून टाकली, तेव्हा मी निर्धास्त होतो. (तसं ऊसतोड टोळी यायला आठच दिवस उरले होते, आणि वाटेशिवाय ट्रॅक्टर काय उडत येणार होता?)

शिराळ्याच्या कोर्टात तातडीनं केस उभी राहिली, आमच्याकडून आक्का. आप्पांचा वकील सुहास, अर्थातच आक्काचा विद्यार्थी. समोर मॅडमना बघून त्याची बोबडीच वळली.

"सुहास!" आक्का कडाडली. "पाठ केलेलं म्हणू नकोस. वाट जुनी आहे, हे कुणी सिद्ध करायचं?"

"वा... वादीनं. म्हणजे तुम्हीच, मॅडम."

"मग माग की माझ्याकडं पुरावा! शेताला दुसरी वाट आहे का, तेही विचार!"

सुहासला जोर चढला. आक्का कौतुकानं मान डोलवायला लागली. आमची वकील! आता केस हरलोच, म्हणून मी तडक बाहेर पळालो. मागोमाग आप्पाही आले. मी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

"आवं आप्पा, मिटवू या! वाट तेवढी सोडा. आठवड्यातनं एक दिवस आमच्या हिरीचं पाणी तुमाला!"

आप्पा बघतच राहिले. "एक दिवस?"

"बरं, दोन दिवस!"

"लिवून दे."

चहाच्या टपरीवर बसून मी कागद लिहिला, दोघांनी सह्या केल्या. तो फडकवत मी विजयी वीरासारखा आत शिरलो. तर आत निकाल आमच्याच बाजूनं लागलेला! मी पळाल्यावर न्यायाधीशांनी विचारलं होतं म्हणे, "मॅडम, आपण नक्की कुणाच्या वकील?" आक्का म्हणाली, "वादीचीच, साहेब. पण याचा मुद्दा नीट मांडून झाल्याशिवाय मी तो खोडू कसा?" आणि गावचा जुना नकाशा काढून तिनं दोन मिनिटांत सगळं खोडलं होतं.

"आक्का, मग हा कागद फाडू?"

"सही केलीस ना? मग पाणी द्यायचं," आक्का म्हणाली.

आप्पा खुदूखुदू हसत होते. "गड्या, तुझी आक्का आमच्या वकिलाला आसं झापाय लागली, तवा मला वाटलं, आपलं संपलं. मी तर वाट सोडतो म्हनून सांगायलाच भाईर आलतो. तू बोलू दिलं न्हाईस!"

ऊस वेळेत कारखान्याला गेला. कागद मात्र आक्कानं ठेवून घेतला. दरवर्षी करार शिकवताना ती तो वर्गात वाचून दाखवते. नाव सांगत नाही. पण हसून हसून दमलेली पोरं शेवटी विचारतातच, "मॅडम, इतका बावळट माणूस खरंच असतो?"

आणि आक्का तितक्याच अभिमानानं सांगते, "असतो की. माझा सख्खा भाऊच आहे!"