धुतलेला लंगोट

सांगलीत आमच्या तालमीला लागून एका मावशीची खानावळ होती. तिच्यामुळं मी तालमीत टिकलो, हे आधी सांगतो, कुस्तीचं मग.

मी जतकडचा. चौथीत शाळा सुटली, मग मेंढरं सुटली आणि सांगलीला येऊन पडलो. कुपवाडला एकदाच जिंकलो, पुढं दोनदा हरलो. वस्ताद म्हणाले, आष्ट्याची कुस्ती मारलीस तर राहा, नाहीतर मेंढरं बरी.

तालमीत रीत होती, जिंकलेल्या लंगोटाला पाणी लावायचं नाही. यश वाहून जातं. हरलो तेव्हा दोन्ही वेळा अंगावर दुसराच लंगोट होता. म्हणून कुपवाडचा मी आष्ट्यासाठी जपून मावशीकडं खुंटीला ठेवला होता.

जायच्या दिवशी सकाळी बघतो तर तो मावशीच्या दोरीवर ठिबकतोय. वास मारत होता, म्हणून तिनं धुतला होता. मी धावत तिच्या चुलीपाशी गेलो. रीत सांगताना रडू आलं. ती हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "हारलास तर वस्तादास्नी सांग, म्हातारीनं लंगोट धुतला, तिला हाकला. पर भिऊन खेळू नगंस, लेका."

खानावळीखेरीज तिला पोटाला दुसरा आधार नव्हता, आणि जागा तालमीची होती.

ओलाच लंगोट कसून बांधला. बैलगाडीत गडी माझ्यापासून सरकून बसले. ओल त्यांच्या नशिबाला लागायची. एकजण म्हणाला, "गड्या, तू चाकाजवळ बस." फडात समोर लढायला शिराळ्याचा जोडीदार, माझ्या दीडपट. पण माझ्या डोक्यात लंगोट नव्हताच. हरलो तर म्हातारी खरंच वस्तादांपुढं जाऊन उभी राहील, एवढीच धास्ती. त्याच धास्तीत ढाकेचा डाव मारला. डोळे उघडले तर तो उताणा आणि मी त्याच्या छातीवर. हलगी वाजायला लागली तरी मी उठेना; लोकांनीच मला उचललं.

वस्तादांनी दुसऱ्या दिवशी माझं दूध वाढवलं. पुढच्या फडाआधी तालमीतले सगळे आपापले लंगोट घेऊन मावशीच्या दारात. ती म्हणाली, "आवं, परटाकडं जावा की." तरी धुतले, तोंडानं शिव्या देत.

तिनं जन्मभर पैलवान जेवू घातले, पण बायकांनी फडाकडं जायची रीत नाही म्हणून एकही कुस्ती पाहिली नाही. आता ती लेकीकडं असते. एक दिवस गाडी जुंपून तिला आष्ट्याला नेईन आणि वस्तादांच्या शेजारी, अगदी पुढं बसवीन. कोण काय म्हणतो ते बघू.