मक्याची साखर कुणी खाल्ली?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागलो की माझं डोकं तापतं, आणि आता ते माझ्यावरच तापतं!

मी नाशिकरोडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. मक्याच्या वाळल्या ताटांपासून इंधन करायचा प्रयोग मांडला होता. ताटं येवल्याची, सासऱ्यांच्या शेतातली. ती दळा, शिजवा, एन्झाइम घाला, तेव्हा कुठे साखर सुटते. तिची पुढे दारू करायची आणि गाडीत घालायची! पण आधी साखर दाखवायची होती. सोमवारी परीक्षक येणार, त्यांना पटली तरच प्रयोग पुढे चालणार.

शनिवारी चमचाभर चाखलं. गोड! बरणीचं झाकण सापडेना, म्हणून खिशातला रुमाल बांधला न् घरी गेलो.

सोमवारी लॅबमध्ये शिरतो तर काय? दारूचा भपकारा! आणि आत एकटे पगारे भाऊ, आमचे लॅब असिस्टंट, फरशी पुसतायत. माझं टाळकंच सटकलं.

"पगारे! पिऊन येता? लाज नाही वाटत?"

"सर, मी पंचशील पाळणारा माणूस. सुपारीलाबी शिवत नाय."

"मग हा वास काय माझ्या तोंडाचा?"

तरातरा प्राचार्य मॅडमना घेऊन आलो. "आजच्या आज काढा यांना!" निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, घाबरून फडकं बादलीच्या बाहेरच टाकलं त्याने. मला वाटलं, नशेनेच!

"आधी साखर दाखवा," मॅडम म्हणाल्या. "परीक्षक गेटवर आलेत."

साखर असली की टेस्टचं निळं औषध तापवल्यावर लाल होतं. हे मेलं निळंच!

"साखरही यांनीच खाल्ली!" मी ओरडलो आणि खात्रीसाठी बरणीतला मोठा घोट घेतला. कडू जहर!

पगारे भाऊंनी रुमाल उचलला. "सर, ह्यो कुणाचा?"

माझाच. शनिवारी त्यातच द्राक्षं बांधून आणली होती, न धुतलेली. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतं, ते साखर खाऊन दारू करतं. अहो, दरवर्षी मीच शिकवतो हे वर्गात! गाढव कुठला मी!

मॅडमनी आधी पगारे भाऊंचा वास घेतला, मग माझा. दोन पावलं मागे सरल्या.

"पगारे भाऊ, परीक्षकांशी तुम्हीच बोला. सरांना तोंड उघडू देऊ नका."

पगारे भाऊ माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "सर, ते गाडीत घालायचं होतं ना?"