समासातल्या दोन ओळी

पुठ्ठेकाका आमच्या वाचनालयाचे बाइंडर. माणूस कामाला वाघ, बोलायला मात्र महाग. कपाटांमागच्या टेबलाशी बसून फाटकी पुस्तकं शिवायचे, आणि कापताना एक अक्षर वाचायचे नाहीत. "वाचत बसलो तर बोट जाईल," म्हणायचे.

एका नऊशे पानी कादंबरीने मात्र ग्रंथपाल म्हणून माझा जीव खाल्ला होता. दोन राजपुत्र, एक सिंहासन आणि मधूनमधून उडणारे साप. अर्धे सभासद थोरल्याच्या बाजूचे, अर्धे धाकट्याच्या, आणि भांडणं समासात. 'थोरला गाढव आहे.' त्याखाली शाईने, 'गाढव तुम्ही. पुढे वाचा.' राणी मेली त्या पानावर कुणीतरी थेट लेखकालाच फासावर चढवायला निघालं होतं. पुस्तकात गिरगटणाऱ्यांचा मला भयंकर राग. पुस्तक खिळखिळं झालं तेव्हा मी काकांना बजावलं, "समास चांगला बोटभर कापा. ही घाण जाऊ दे."

त्यांनी कापलं. मग पानं क्रमाने आहेत ना हे बघताना त्यांचा हात थांबला.

"बाई, हे दादाचं अक्षर आहे."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, आमचाच सभासद. दोघांनी मिळून बाइंडिंगचं दुकान काढलं होतं. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरून बिनसलं ते अकरा वर्षं. दादा महिन्यापूर्वी वारला.

"एकदा गेलो होतो त्याच्या दारापर्यंत," काका म्हणाले. "हाक मारायला जीभच उचलेना. तसाच परत आलो."

पानावर थोरला राजपुत्र किल्ल्याचा दरवाजा लावून आत बसला होता आणि धाकटा बाहेरून मुकाट्याने परत फिरत होता. शेजारी पेन्सिलीने दोन ओळी होत्या, दोन्ही कापलेल्या कडेशी तुटलेल्या. वर 'हाक मारली असती तर', खाली 'मी दार उघडलं'.

"राजपुत्राबद्दल असतं तर 'त्याने' लिहिलं असतं. इथे 'मी' आहे, बाई! दादाने उघडलं असतं." इतकी वर्षं मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "तो शेवटचा शब्द मला हवाय."

कात्रणांचं पोतं आम्ही जमिनीवर उपसलं. नऊशे पानांच्या पट्ट्या, त्यांवर लोकांच्या रागाची नुसती शेपटं. कापा म्हणणारी मीच, त्यामुळे मान खाली घालून शोधत होते. अखेर पेन्सिलीची पट्टी काकांनाच सापडली. पण त्यांना धीर होईना. न वाचताच त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तुम्ही वाचा."

पट्टीवर वर एक वेलांटी होती आणि खाली 'नसतं'. म्हणजे 'तर' नव्हे, 'तरी'.

"असतं," मी म्हणाले.

काकांनी डोळे पुसले. पट्टी घेतली, खळ लावली आणि सांधा दिसू नये अशी पानाच्या कडेला बसवली. बाइंडर दुसरं काय करणार? एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग जुळलेल्या दोन्ही ओळींवरून त्यांनी शेवटपर्यंत बोट फिरवलं.

"तुम्हाला दादाचं अक्षर लागलं नाही, बाई," ते म्हणाले. "वाईटच होतं त्याचं."