बाइंडर मावशींची सही

ग्रंथालयाच्या तळघरात बाइंडर मावशी एकेचाळीस वर्षं पुस्तकं शिवत होत्या. वय बहात्तर, हात हलका, जीभ मात्र तिखट. दोरा न वापरता नुसती खळ थापून पुस्तक बांधणाऱ्यांना त्या ‘चिकटवे’ म्हणत आणि नाक मुरडत.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच घोळ घातला. इतिहासाच्या जाडजूड पुस्तकातला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, उलटा शिवला. पान उलटलं की राजा डोक्यावर उभा! पुस्तक नेमकं नव्या ग्रंथपालांच्या हाती पडलं. त्यांनी समितीसाठी इंग्रजीत अहवाल लिहिला. मावशींना ठेवायचं की काम बाहेर द्यायचं, ते त्यावरच ठरणार होतं. खाली मावशींची सही हवी होती.

वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. अक्षर अक्षर लावत एका शब्दापाशी अडल्या. बाइंडर ‘एन्शंट’ आहे.

कोश समोरच्या फळीवर होता; त्याची बांधणी त्यांनीच तीनदा केली होती. प्राचीन, पुरातन. अवशेषांना, बुडालेल्या नगरांना लावतात. शेवटी बारीक अक्षरात: माणसाबद्दल बहुधा थट्टेने.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोश काखेत मारून त्या तडक जिना चढल्या.

“साहेब, थट्टा केलीत का माझी?”

“छे हो मावशी! सरकारी कागद आहे तो.”

“मग मी अवशेष? अवशेष सकाळी आठला येऊन सुईत दोरा ओवतात का?”

ग्रंथपाल ओशाळले. “तसं नाही हो. पण वयामुळेच झाली ना चूक?”

“तिशीत मी अख्खा नकाशांचा खंड उलटा शिवला होता. तेव्हाच्या साहेबांनी लिहिलं, बाई गप्पा मारत होती. खरंच मारत होते. आत्ताही तेच झालं.”

ग्रंथपालांना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. “शब्द खोडतो. पण समिती तुम्हाला तरीही काढेल, मावशी.”

तरी मावशींनी पेन उचललं.

“काढू दे. फर्मा उलटा शिवला म्हणून काढू दे. ते मी केलंय, त्याखाली सही करते. म्हातारी झाले, हा काही माझा गुन्हा नाही.”